गुडघ्याची वाटी आणि खेळाचा तास



खेळाच्या तासातून वर्षभर सूट मागणारे अर्ज आमच्या टेबलावर येतात, त्यांत गुडघेदुखीचे बरेच असतात. हल्ली सोबत एम.आर.आय.चा रिपोर्टही जोडलेला असतो : वाटीखालच्या चरबीच्या गादीला सूज, वाटी बाहेरच्या बाजूस सरकलेली. एवढे वाचून घरचे घाबरतात. अर्ज मुलींचे अधिक, आणि त्यांतील कित्येकजणी दहावीपर्यंत मैदानात परत येतच नाहीत. आम्हांस हे पटत नाही.

वाटीच्या खाली, कंडरेच्या मागे चरबीची मऊ गादी असते. जर्मन शल्यविशारद आल्बर्ट होफा यांनी १९०४ साली तिच्या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ती होफाची गादी. (हिंदी माध्यमात आम्ही 'घुटने की कटोरी' शिकलो, मराठीत वाटी, भांडे एकच!) गुडघा वाकताना वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून सरकते. ती वर चढलेली असेल वा बाहेर ओढली जात असेल, तर गादीचा वरचा, बाहेरचा कोपरा चिमटून सुजतो. या गादीत मज्जातंतू भरपूर असल्याने वेदनाही चांगलीच होते. "नाटक करते" म्हणणाऱ्यांशी म्हणूनच आमचे जमत नाही.

परंतु अशी सूज न दुखणाऱ्या गुडघ्यातही कधी कधी दिसते. डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासल्याशिवाय नुसत्या रिपोर्टवरून काही ठरवू नये. उपचार बहुधा ऑपरेशनचा नसतो. मांडीच्या व नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम काही महिने नेमाने करावा लागतो. वर्षभर बसून राहिल्यास नेमके हेच स्नायू अशक्त होतात. मात्र वाटी निखळणे, गुडघा अडकणे, एकाएकी फुगणे, ताप, रात्री झोपमोड करणारी वेदना, यांपैकी काही असल्यास विलंब नको.

आपल्या हैदराबादचे पुल्लेला गोपीचंद यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध १९९४ साली तुटला. ती इजा याहून कितीतरी मोठी होती. शस्त्रक्रिया झाल्या, आणि २००१ साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली.

यापुढे अर्जासोबत डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून आणाव्यात : कोणत्या हालचाली टाळायच्या, आणि किती आठवडे. खो-खोत उकिडवे बसणे नको असेल तर ती मुलगी गुण नोंदवील, मैदानाच्या कडेला आपला व्यायाम करील, पी.टी.च्या शिक्षकांशी आमचे तसे बोलणे झाले आहे. नुसते "वर्षभर सूट" लिहिलेले अर्ज परत पाठविले जातील.