वास येत नसेल तर तक्रार करा

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजला पाणी कमी पडायचं काही कारण नाही. कृष्णा आणि तारळी, दोन्ही नद्या गावाशीच भेटतात. तरी महामार्गालगतच्या या पट्ट्यात लग्नाला जा नाहीतर दहाव्याला, मांडवाच्या कोपऱ्यात गार पाण्याचे जार मांडलेले असतातच. आता ते घराघरांतही शिरलेत. नळाचं पाणी धुण्याभांड्याला, जारचं प्यायला. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नळाच्या पाण्याला टीसीएलचा वास मारतो ना!"

या उत्तराचीच मला काळजी वाटते. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, आणि तो वास म्हणजे पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असल्याची खूण. टाकीपासून तुमच्या नळापर्यंत पाइपात काही घाण शिरली, तर तिच्याशी झुंजायला ठेवलेला तो राखणदार. जारमधल्या, आरओतून गाळलेल्या पाण्यात तो उरत नाही. मग जार कशाने विसळला, कुणाच्या हाताने भरला, यावर सगळं अवलंबून. आणि त्या जारवर बहुतेक वेळा ना तारीख असते ना सील. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं. त्यात ई-कोलाय सापडला आणि अनेक प्रकल्पांना टाळं लागलं. पाणी गार होतं, गोडही असेल.

नळाचं पाणी चांगलंच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. टीसीएल टाकायची एक रीत आहे. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. पोतं उघडं, ओलीत राहिलं की तो उडून जातो आणि २० टक्क्यांखाली गेला की पावडर कामाची नाही. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी पावडर थेट टाकीत पडते, तीही अंदाजपंचे. एक दिवस नाक झोंबतं, पुढचे चार दिवस काहीच नाही. लोकांना वासाचा राग येतो तो यामुळेही.

आबांच्या, म्हणजे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटलांच्या काळात, २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली. ती चळवळ मोठीच होती. पण अभियानाच्या तपासणीला आलेल्या समितीला रस्ता दिसतो, गटार दिसतं, संडास दिसतो. पाण्यातला क्लोरीन दिसत नाही. तसा तो कागदावर दिसतो म्हणा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं मिळालंय, हे किती घरांना ठाऊक आहे?

आणि पाणी साठवायच्या सवयींचं खापर दर वेळी घरातल्या बाईच्या माथी कशाला? माठात हात बुडवू नका, ओगराळं वापरा, हे सांगणं बरोबरच आहे. पण पाणी तासभरच सुटतं म्हणून ती हंडे, पिंपं, कळश्या भरून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून ओतून देते. नळ बंद असताना पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढून घेतो. उंब्रजहून गाडीने अर्ध्या तासावर, कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायची योजना करून दाखवली. नळाला कायम पाणी असलं की साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला? जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट धरलं, तेही हवंच. पण ते पाणी दिवसातून किती वेळ येतं, हाही प्रश्न त्याला जोडून विचारायला हवा.

तोवर पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागा: ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने क्लोरीन तपासायची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट लोकांसमोर करावी. नमुन्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही तर नाही. टाकीशेजारच्या नळावर ही टेस्ट नको, तिथे पाणी पिवळं होणारच. लाइनीच्या अगदी शेवटच्या घरात करा. साहेब यायच्या दिवशी तर मुळीच नको; एखाद्या साध्या मंगळवारी करा, पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत.