क्ष बरोबर क्ष अधिक एक

पाटीवर मी लिहिलं, 'क्ष = क्ष + १', आणि सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे चूक आहे." वर्ग हसला. मी मात्र मनातून खूश झालो. कारण तो बरोबर बोलत होता. त्याच्या गणिताच्या बाईंनी महिनाभर आधी समीकरण म्हणजे तराजू असं शिकवलं होतं, आणि ह्या तराजूत एका बाजूला सरळ सरळ एक जास्त होता!

स्थळ गेवराई, जिल्हा बीड. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. महिन्यातून दोन शनिवार तिथल्या एका शाळेत रोबोटिक्स शिकवायला जातो. (शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे मुलं दुपारी मोकळी.) ह्यात समाजसेवा वगैरे फार नाही, ऑफिसमधल्या मीटिंगांपेक्षा हे बरं वाटतं एवढंच.

तर त्या '=' चिन्हाबद्दल. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या माणसानं १५५७ साली ते पहिल्यांदा छापलं, आणि बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ च्या फोरट्रानमध्ये, त्याचा अर्थ बदलला. उजवीकडचं काढा आणि डावीकडच्या नावात ठेवा. अल्गॉल आणि पास्कलवाल्यांना ही गडबड कळली होती, म्हणून त्यांनी ':=' असं वेगळं चिन्ह घेतलं. पण पुढे सी जिंकली आणि आपण सगळे त्या गोंधळात वाढलो. स्क्रॅच शिकवताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे 'एवढं ठेव' आणि 'एवढ्यानं बदल' असे दोन वेगळे ठोकळेच आहेत. आरडुइनोवर आलं की मात्र येतोच.

आता मूळ तक्रार. आपल्याकडे शाळेतलं रोबोटिक्स म्हणजे बहुतेक वेळा किट जोडणं. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच कोडिंग आणा असं लिहिलंय. २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. पैसा येतोय, चांगलंच आहे. पण मी ज्या दोन-तीन लॅब पाहिल्या (नावं नको), तिथे मुलं छापील कागदावरून वायरी जोडतात, तयार प्रोग्रॅम बोर्डात चढवतात, गाडी पळते, टाळ्या. त्या प्रोग्रॅममध्ये २० लिहिलंय ते कशाचं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. गाडी भिंतीपासून २० सेंटिमीटरवर थांबते, त्यातले ते २०. तो आकडा बदलायची हिंमत कुणी केलेली नसते. सर ओरडतील ना!

माझं म्हणणं एवढंच आहे की व्हेरिएबल समजल्याशिवाय मोटारीला हात लावू नये. आणि समजवायला किट लागत नाही.

लॉजिकचं तर गेवराईच्या पोरांना शिकवायलाच लागलं नाही. "जर-तर म्हणजे काय?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मोटारीचं ऑटो सर." विहिरीवरच्या पंपाला शेतकरी ऑटो बसवतात. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री येते. लाइट आली, तिन्ही फेज नीट असल्या, तर थोडा वेळ थांबून मोटार चालू कर. एखादी फेज गेली तर बंद कर, नाहीतर मोटार जळेल. ह्यात अट आहे, 'आणि' आहे, विलंब आहे. एकानं तर विचारलं, "सर, मोटार चालूय आणि विहिरीतलं पाणी संपलं तर?" ही राहिलेली अट शोधणं आमच्या टीममधल्या दोन वर्षं अनुभव असलेल्यांनाही जमत नाही. (मलाही नेहमी जमतं असं नाही.)

व्हेरिएबलला मी नेहमीचा डबा वापरून पाहिला. डब्याला नाव, डब्यात आकडा. चालतो, पण कंटाळवाणा आहे, आणि आकडा बदलायची गरज का पडते ते डब्यातून कळत नाही.

ती गरज दाखवली ऊन्हानं. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी केली होती. सेन्सर ० ते १०२३ मधला आकडा देतो. सकाळी पांढऱ्या फरशीवर ८०० च्या आसपास येत होता, काळ्या पट्टीवर २००. मग ५०० च्या खाली म्हणजे काळं, असं मुलांनी ठरवलं. गाडी झकास चालली. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि गाडी पट्टी सोडून थेट बाकाखाली. पुन्हा मोजलं तर पांढरं ९५०, काळं ६००. म्हणजे गाडीला सगळंच पांढरं दिसत होतं. मग एक म्हणाला, ५०० च्या जागी ७७५ लिहू. दुसरी म्हणाली, मग उद्या सकाळी परत बदलायचं का? रोज? तेव्हा कुठे फळ्यावर 'उंबरठा' हे नाव आलं. गाडी चालू होताना आधी पांढरं मोजायचं, मग काळं, दोन्हींची बेरीज भागिले दोन, ते उंबरठ्यात. सिमोर पॅपर्ट आणि मंडळींनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो भाषा केली, तिच्यातही वाट अशीच जाते. आधी १०० पावलांचा चौकोन काढायचा, मग लहान हवा, मोठा हवा, आणि मग १०० च्या जागी एक नाव.

पण 'क्ष = क्ष + १' ची गाठ सुटली ती वेगळ्याच ठिकाणी. मी 'बाकी = बाकी − रक्कम' असं लिहिलं होतं, मनात बँकेचं पासबुक. पुढच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "उचलीसारखं." पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम हंगामाआधी उचल देतो. मग हंगामभर जेवढे टन तोडाल तेवढे पैसे त्यातून वळते होतात. धरा उचल एक लाख. आज सहाशेचं काम झालं, बाकी ९९,४००. उद्या ती ९९,४०० जुनी, तिच्यातून पुन्हा वजा. उजवीकडची बाकी कालची, डावीकडची आजची. सगळ्या वर्गाला एका मिनिटात कळलं. तराजूवाल्यालाही.

मग तिनंच विचारलं, "सर, जुना आकडा कुठं जातो?"

मी म्हटलं, पुसला जातो. व्हेरिएबलमध्ये एका वेळी एकच आकडा राहतो.

"मग मुकादमानं आकडा चुकीचा सांगितला तर कसं कळणार?"

मी जरा गप्पच बसलो. वीस वर्षं हेच काम करतोय, डेटाबेसमध्ये जुन्या नोंदी का ठेवायच्या ह्यावर ऑफिसात प्रेझेंटेशनं दिलीत. इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

काही जण म्हणतील, बाराव्या वर्षी एवढं कशाला, खेळू द्या की. खेळू द्याच. पण इथे वेळेचा हिशेब वेगळा आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची आवराआवर सुरू होते. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. लॅबचं सामान येणार डिसेंबरात आणि जोडणी शिकवणार जानेवारीत, तर तेव्हा वर्गात कोण असणार? म्हणून मी आता क्रम उलटा केलाय. पावसाळ्यात वही-पेन्सिलीवर व्हेरिएबल आणि जर-तर, मग सेन्सर, आणि चाकं सगळ्यात शेवटी. हेडसरांना हे फारसं पटलेलं नाही, प्रदर्शनात मांडायला चाकं लागतात असं ते म्हणतात. त्यांचंही खरं आहे.

दिवाळीआधी आता एकच शनिवार उरलाय. गाडी अजून वळणावर अडकते, पण ते राहू दे. त्या दिवशी यादी शिकवणार आहे, म्हणजे जुने आकडेही राहतील, तारखेसकट. त्या मुलीला सांगितलंय, शंभर पानी वही आण.