धूळ उठते तिथेच अडवा

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्री बघायला गेलेला माणूस भट्टीसमोर थांबतो. खरे तर त्याने थोडा वेळ फेटलिंग शॉपमध्ये उभे राहावे. कास्टिंग थंड झालेले असते, खाचाखोचांत साच्याची वाळू चिकटलेली असते आणि कामगार हँड ग्राइंडरने ती घासून काढत असतो. तोंडाला रुमाल. अनेक ठिकाणी पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकले जातात. दिवसभर कपड्यांवर बसलेली धूळ तेवढ्या दोन मिनिटांत नाकात जाते.

या धुळीत स्फटिकी सिलिका असते. डोळ्यांना दिसणारे कण नाकाघशात अडकतात. घात करतात ते पाच मायक्रॉनहून बारीक कण. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. रुमालाच्या विणीतून ते सहज पार होतात आणि फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू न शकल्याने मरतात आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. शिवाय अशा फुप्फुसाला टीबी लवकर गाठतो. मग नुसत्या टीबीचेच उपचार चालू राहतात आणि मूळ दुखणे कागदावर येतच नाही.

म्हणून तपासणी शिबिराला प्रतिबंध म्हणता येणार नाही. तपासणी हवीच, पण एक्स-रेवर डाग दिसतो तोवर बहुधा अनेक वर्षांची धूळ फुप्फुसात गेलेली असते.

मास्कचेही तसेच. उकाड्यात आठ तास घट्ट मास्क लावून ग्राइंडर चालवणे किती अवघड असते, ते करणाऱ्यालाच ठाऊक. तो मास्क काढतो आणि बेफिकिरीचा ठपका त्याच्यावरच येतो. हे अन्यायाचे आहे. आधी फेटलिंगच्या टेबलाला धूळ ओढणारा हूड लागला पाहिजे, ग्राइंडरला सक्शन हवे, झाडूऐवजी व्हॅक्यूम किंवा ओली सफाई हवी. कास्टिंगवर वाळूचा मारा करून ते साफ करायला ब्रिटनने 1949 च्या नियमांनीच मनाई केली. वाळूऐवजी पोलादी शॉट आणि बंद कॅबिनेट हा मार्ग आपल्याकडेही अनेक कारखान्यांनी धरला आहे. एवढे करूनही जी धूळ उरेल, तिच्यासाठी मास्क.

हे न केल्याची किंमत गोध्र्याने दाखवली. तिथल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर कामाला जात. सिलिकोसिसने मेलेल्या 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये केली. ते पैसे देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 2016 उजाडले.

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवरील ग्रंथात बजावले होते. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने 29 आजारांची यादी करून, त्यातला रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाने निरीक्षकाला कळवण्याचे काम डॉक्टरवर सोपवले. यादीत सिलिकोसिस आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. पण दवाखान्यात ‘काम काय करता?’ हेच विचारले नाही, तर कळवणार काय?

फाउंड्रीच्या गावांतल्या डॉक्टरांनी खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारावा. मालकांनी यंदाच्या खर्चात मास्कच्या खोक्यांआधी सक्शन हूड धरावेत. आणि फेटलिंगला जाणाऱ्या प्रत्येकाने, तो ठेकेदाराकडे असला तरी, आपल्या तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घरी जपून ठेवावी. ठेकेदार बदलतात, कारखाने बदलतात. भरपाईच्या वेळी तो कागदच उपयोगी पडतो.