ओटीपी मुंबईहून येतो

आजऱ्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत आधारला जोडलेला मोबाईल नंबर बऱ्याचदा त्या माणसाचा नसतोच. तो असतो मुंबईतल्या लेकाचा. आधार कार्डं निघाली तेव्हा घरात फोन फक्त त्याच्याकडं होता. त्यानं आपला नंबर दिला आणि गणपती आटोपून कामावर गेला. एके काळी या तालुक्यात गिरणी कामगारांच्या मनीऑर्डरी यायच्या, आता ओटीपी येतो. मनीऑर्डर आठ दिवस रखडली तरी पैसे मिळायचे. ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो.

2025 मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली, तेव्हा गावोगावच्या सेवा केंद्रांत हा खेळ दिवसभर चाले. केंद्रातला पोरगा म्हणायचा, "काकी, आला का विचारा." काकी फोनवर ओरडायच्या, "आरं बाळा, आकडा सांग की लवकर!" बाळ लोकलमध्ये लटकलेला. तो आकडा सांगेपर्यंत इकडं रेंज जायची, रेंज आली की साईट बसायची. वर नवऱ्याच्या किंवा वडलांच्या आधारचाही ओटीपी हवा होता. ज्यांचे दोघंही वारलेत त्यांनी काय करायचं, हे अर्ज बनवणाऱ्याला सुचलंच नव्हतं. बोंब झाल्यावर मुदत वाढली आणि अशा बायकांसाठी वेगळी वाट निघाली.

अंगठ्याची गोष्ट आणखी निराळी. आजरा काजूचा तालुका. काजू फोडताना टरफलातून जे तेल निघतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख नाहीतर गोडं तेल चोळून बसतात, तरी बोटांची टोकं काळी पडतात, सालपटं निघतात, रेषा पुसट होतात. मग रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. "पुसून लावा, दाबून लावा, दुसरं बोट लावा." मागं रांग ताटकळलेली. जिच्या बोटांनी सोललेला काजू देशभर जातो, तिची बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. डोळ्यांच्या बुबुळावर काम भागू शकतं, पण ते यंत्र असेल तिथवर जायला एक दिवसाची हजेरी बुडते. आधारवरचा नंबर बदलायलाही तीच पायपीट.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली, 2015 मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं, आपल्या राज्यानं महानेट उभारलं. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींचा हा पसारा. 2017 मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं: सहा कोटी माणसं, घरटी एक, वीस तासांचा अभ्यासक्रम. मार्च 2024 मध्ये ते संपलं तेव्हा शिकलेल्यांचा आकडा उद्दिष्टाच्या पुढं गेलेला होता. कागदोपत्री सगळं चोख. घाटमाथ्यावर मात्र जेसीबीचा दात लागला की केबल तुटते, आणि ती जोडायला कोण कधी येणार हे कुठल्याच कागदावर नसतं.

माणसं शिकतात ती कामापुरती, आणि काम अडलं की झटकन शिकतात. याचा दाखला आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. 1998 मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा समूहानं मिळून सत्तर गावांत संगणक केंद्रं काढली. शेतीसल्ला, बाजारभाव, नोकऱ्या, सगळं मिळणार होतं. शेतकरी तिथं विचारायला यायचा तो एकच प्रश्न: माझ्या उसाचं वजन किती भरलं? पुढं 2006-07 च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईल ठेवून पाहिला. एसएमएस धाडला की टनेज कळायचं. कमी खर्चात काम झालं आणि लोकांना ते आवडलंही. त्यासाठी कुणाला वीस तास बसवावं लागलं नाही.

ई-पीक पाहणीचंही तसंच. 15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर सुरू झाली, आणि आता शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढावा लागतो. ऑगस्टातला आजऱ्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्यानं डोळ्यांपुढं आणावं: चिखलात रुतलेला पाय, डोक्यावर इरलं, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेला फोन, समोर घनसाळ भाताचे हिरवेगार वाफे आणि पडद्यावर गरगर फिरणारं चक्र. तरीही पासष्टीचे आप्पा गट नंबर टाकतात, फोटो काढतात आणि रेंजच्या टेकाडावर येऊन तो वर चढवतात. नोंद नसेल तर नुकसानभरपाई अडते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

या सगळ्याचा भार ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकावर पडतो. गावाची खरी डिजिटल साक्षरता म्हणजे तोच. दाखले, नोंदी, अर्ज, शिवाय म्हाताऱ्यांच्या फोनमधले फोटो पुसणंही. त्याच्या मानधनासाठी मुंबईला, नागपूरला मोर्चे काढावे लागलेत. केबलला पैसे आहेत, यंत्राला आहेत, याच्या पगाराची वेळ आली की फाईल फिरत राहते.

पुढची ई-केवायसी काढण्याआधी एक करा. आधार दुरुस्तीचं शिबिर काजूच्या कारखान्यातच लावा, बायकांची त्या दिवसाची हजेरी न कापता. बुबुळाचं यंत्र सोबत आणा, आणि जिचं आधार तिचाच नंबर त्यावर चढवा. परिचालकाला बोलवाल, तर आधी त्याचं थकलेलं मानधन चुकतं करून.