मरळीला शत्रू ठरवण्याआधी बोटुकली मोजा

गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात एक धडा हमखास असतो: 'अवांछित' आणि 'भक्षक' माशांचे नियंत्रण. मरळ, डोक, शिंगटी, वाम, शिंगी, मांगूर, अगदी काचेसारखा आरपार दिसणारा चिमुकला चंदासुद्धा त्या यादीत असतो. आरोप एकच. सोडलेले कटला, रोहू, मृगळचे बीज हे खातात, म्हणून तलावाचे उत्पादन वाढत नाही. उपायही एकच सांगितला जातो, यांना काढून टाका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या जिल्ह्यांत हा धडा धीवर समाजाला शिकवला जातो, हा त्यातला विनोद. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो हे पाठ होते, त्यांनाच आता त्यातले अर्धे मासे 'निरुपयोगी' आहेत असे सांगितले जाते. निरुपयोगी कोणाला? हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी आरोपातला खरा भाग मान्य करू. लहान भक्षक मासे बीज खातात. पण कोणत्या आकाराचे बीज? मासा त्याच्या तोंडात मावेल तेवढेच गिळतो. वितभर शिंगटी किंवा डोक मत्स्यजिरे खाईल, इंच-दीड इंचाचे बीज खाईल. चार इंचांची, म्हणजे 100 मिलिमीटरची बोटुकली तिच्या घशात जात नाही. म्हणूनच जलाशयात 100 मिलिमीटरच्या आसपासची किंवा त्याहून मोठी बोटुकली सोडावी, असे मत्स्यशास्त्रज्ञ कित्येक वर्षे सांगत आले आहेत. आता सहकारी संस्थांच्या सभासदांना विचारा, तलावावर आलेल्या पिशवीतून काय बाहेर पडते. पावती बोटुकलीची आणि पिशवीत अर्धबोटुकली, कधी तर त्याहूनही बारीक, ही तक्रार इतकी जुनी आहे की लोकांना आता तिचा रागही येत नाही. असे बीज भर पावसाळ्यात सोडायचे, त्यातले निम्मे सांडव्यावरून वाहून जाऊ द्यायचे, आणि हिवाळ्यात जाळे रिकामे आले की गुन्हा मरळीवर नोंदवायचा. मरळ तर खुलासा द्यायला येत नाही.

दुसरी गोष्ट शेततळे आणि जलाशय यांतल्या फरकाची. संवर्धन तळ्यात बीज सोडण्याआधी मोहाची ढेप टाकून आधीचे मासे मारतात. ही पद्धत योग्य आहे, तिला माझा विरोध नाही. ढेपेतल्या विषाने मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि उरलेल्या ढेपेचे खत होते. पण प्रमाण काय? एक हेक्टर तळे, एक मीटर पाणी, साधारण अडीच हजार किलो ढेप. हाच हिशेब शंभर हेक्टरच्या, सरासरी दोन मीटर खोल तलावाला लावा. पाचशे टन! आणि त्या तलावावर धानाची शेती आहे, गुरे पाणी पितात, बाया कपडे धुतात. म्हणजे जलाशयात विषाने नियंत्रण हा प्रकार शक्यही नाही आणि परवडणाराही नाही.

मग उरते बारीक आसाचे जाळे. लहान भक्षक मासे काढायचे तर जाळ्याचा आस लहान हवा. लहान आसाच्या जाळ्यात शिंगटीबरोबर रोहूची बोटुकलीही येते आणि मरते. ज्या बीजाला वाचवण्यासाठी मोहीम काढली, तेच मोहिमेत संपते. सगळा कार्यक्रम या एका वाक्यात उलटा पडतो, पण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे वाक्य नसते.

ज्याच्यावर खरोखर लक्ष ठेवायला हवे तो मासा वेगळा आहे: मीटरभर वाढणारा, मोठ्या जबड्याचा, बिनखवल्यांचा, ज्याला हिंदी पट्ट्यात पढिन म्हणतात. तो चार इंचांची बोटुकली सहज गिळतो. मोठी मरळही गिळेल. यांच्यासाठी गळाची दोरी आहे, मोठ्या आसाचे जाळे आहे आणि मुख्य म्हणजे बाजार आहे. जिवंत मरळ रोहूपेक्षा महाग विकली जाते. तिला पकडायला कोणत्याही योजनेची गरज नाही, धीवराला तलावावर हक्क असला की तो तिला पकडतोच.

आता खाणाऱ्यांकडे येऊ. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 1957 मध्ये ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून त्यांचे प्रजनन घडवले आणि बीज केंद्रात तयार करता येऊ लागले. मोठी कामगिरी होती ती, 10 जुलै हा दिवस तिच्या स्मरणार्थ पाळला जातो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते, माशाचे वजन वाढवावे लागते आणि तो व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवावा लागतो. बारीक मासा तसा नाही. तो आपोआप वाढतो, त्याचे बीज कोणाला विकता येत नाही. पावशेर, अर्धा किलो असा तो गावातच विकला जातो, टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईकडून. डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो, आणि त्यातूनच गरिबाच्या लेकराला कॅल्शियम मिळते. वाळवून ठेवला की उन्हाळ्यात कालवणाला होतो. या माशाची टनात नोंद होत नाही, म्हणून सरकारी तक्त्यात तो नाही. आणि तक्त्यात नाही म्हणून तो निरुपयोगी!

बांगलादेशातही एकेकाळी कार्प सोडण्याआधी तळ्यातले बारीक मासे विष घालून मारत. शकुंतला थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मोला नावाचा, अ जीवनसत्त्वाने भरलेला बारीक मासा कार्पबरोबर त्याच तळ्यात वाढवता येतो आणि कार्पचे उत्पादन घटत नाही. थिलस्टेड यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोला भक्षक नाही हे खरे. पण 'बाकीचे मारा' ही सवय शास्त्राची नव्हती, हिशेबाची होती, हे त्यातून उघड झाले.

आपल्याकडेही उदाहरण आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात धीवर बायांनी तलावातला बेशरम उपटला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे परत वाढू लागले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने झालेले हे काम आहे. त्यात कोणी मरळीविरुद्ध मोहीम काढली नाही.

आणि पाण्याचे काय? नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेच्या गोसीखुर्द जलाशयात येते. त्या पाण्यावर जगणाऱ्याला मासे कमी का झाले याचे उत्तर 'भक्षक मासे' असे द्यायचे असेल, तर उत्तर देणाऱ्याने एकदा आंभोऱ्याला पाण्याजवळ उभे राहून यावे.

20 मार्च 1927 ला महाडला प्रश्न होता सार्वजनिक तळ्याचे पाणी कोणाचे. नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, कागद बाजूने होता, तळे नव्हते. आज भटक्या जमाती (ब) मध्ये मोडणाऱ्या धीवरांची अवस्था पाहा. त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, तलावाचा ठेका आहे. पण तलावात काय सोडायचे, किती मोठे सोडायचे, काय मारायचे, हे ठरवणारा दुसराच. याच भंडाऱ्यातून बाबासाहेब 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक लढले आणि हरले. इथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी धीवरांचा प्रश्न 'त्यांच्या समाजाचा' म्हणून बाजूला ठेवला, ही माझी आपल्या माणसांविषयीची तक्रार आहे. गोसीखुर्दमध्ये बुडालेल्या गावांत बौद्ध वस्ती आणि धीवर वस्ती शेजारी शेजारीच होत्या.

मागण्या अवघड नाहीत. बीज गावच्या बोडीत किंवा तलावाच्या कडेला जाळीच्या कुंपणात दोन-तीन महिने वाढवून मगच सोडावे, आणि त्या कामाची मजुरी संस्थेच्या बायांना मिळावी. सांडव्याला जाळी बसवावी. बारीक आसाच्या जाळ्याला बंदी असावी, पण घरच्या कालवणापुरते पकडणाऱ्यांना त्यातून सूट असावी. वार्षिक उत्पादनात स्थानिक मासा वेगळ्या रकान्यात लिहावा.

आणि येत्या पावसाळ्यात बीजाची गाडी तलावावर आली की सभासदांनी सही करण्याआधी पोराच्या दप्तरातली फूटपट्टी मागवावी. पिशवीतले वीस-पंचवीस नग काढून मोजावेत. चार इंच भरले नाहीत तर पावतीवर तसे लिहावे, गाडी परत पाठवावी.