‘स्त्री असूनही’ : एक सोयीस्कर शब्दप्रयोग

क्रूर स्त्रीविषयी लिहिताना मराठी लेखणी प्रथम ‘स्त्री असूनही’ या शब्दांचा आधार घेते. त्यांत नैतिक संताप आहे असे मानले जाते. वस्तुतः ती पळवाट आहे.

कोल्हापूरचे बालहत्याकांड पाहावे. १९९० ते १९९६ या काळात १३ मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी ९ जणांची हत्या केल्याचा आरोप अंजना गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्यावर होता. चोरी करताना ही मुले ढाल म्हणून वापरली जात. अंजना खटल्यापूर्वीच मरण पावली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१मध्ये फाशी सुनावली व सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये ती कायम केली. लोकस्मृतीने मात्र या संहितेचे एकच वाचन केले : मातृत्वाला काळिमा, पूतनेचा अवतार. रेणुकाचा पती माफीचा साक्षीदार होता, ही बाब या कथनात तळटीपेपुरतीही उरली नाही. मिथकाला गुन्ह्याची घडण नको असते. त्याला राक्षसी हवी असते.

१९४५च्या बेल्सेन खटल्यात हाच साचा वापरला गेला. बावीस वर्षांच्या इर्मा ग्रेसेचे रूप आणि तिचे क्रौर्य यांतील विरोधावर वृत्तपत्रे लुब्ध झाली. डिसेंबरात तिला फाशी झाली आणि जणू प्रश्न मिटला. पण नाझी छळछावण्यांवर सुमारे साडेतीन हजार स्त्रिया पहारेकरी होत्या; त्यांतील अनेकींना राव्हेन्सब्रुक येथे प्रशिक्षण मिळाले होते. मायदानेकची हर्मिने ब्राउनश्टाइनर पुढे न्यूयॉर्कमध्ये गृहिणी म्हणून राहत होती. तिला ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने १९८१मध्ये जन्मठेप दिली. या जीवनक्रमात राक्षसी सापडत नाही. सापडतात ते पगार, गणवेश आणि बढती.

या दोन घटनांची तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे : एकीकडे राज्यसंस्था होती, दुसरीकडे एक कुटुंब. परंतु म्हणूनच, ज्या शब्दाने दोन्ही सारख्या दिसतात, तो शब्द काहीच दाखवीत नाही. हिंसक स्त्रीत केवळ पुरुषसत्तेचा बळी पाहणारी स्त्रीवादी समीक्षाही याच शब्दाची उलटी बाजू गिरवते. दोन्ही वाचनांत स्त्रीचे कर्तेपण नाकारले जाते, आणि कर्तेपणाविना जबाबदारी ठरत नाही.

जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीचे जन्मठेपेत रूपांतर केले. कारण होते दयेच्या अर्जांवर शासनाने लावलेला सात वर्षांहून अधिक विलंब. राक्षसीच्या गोष्टीत पडून राहिलेल्या फायलीला पात्र म्हणून जागा नाही. मारल्या गेलेल्या मुलांनाही नाही; तीही तेथे केवळ पूतनेच्या क्रौर्याचे माप म्हणून येतात. समीक्षेने निदान एवढे करावे : विशेषण मागे ठेवून कोणी, कोणाच्या साहाय्याने आणि कोणत्या व्यवस्थेत काय केले, हे आधी वाचावे.