ऊब राखा, शेण वाचवा

दिवाळी उलटली, सोयाबीनची मळणी आटोपली आणि कापसाची पहिली वेचणी घरात येऊ लागली, की आपल्या जिल्ह्यात हवा पालटते. यवतमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेचा, अशी स्थिती असल्यामुळे दिवसा ऊन चटका देत असले तरी रात्री पारा झपाट्याने उतरतो. थंडीची लाट आली म्हणजे तो १० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. याच सुमारास गावोगाव शेकोट्या पेटतात, न्हाणीघरापुढील चूल पहाटेपासून धगधगू लागते आणि पावसाळ्यापूर्वी रचून ठेवलेला गोवऱ्यांचा व लाकडांचा साठा दिसेनासा होऊ लागतो.

रब्बीच्या पेरणीविषयी आम्ही अधिकारी या दिवसांत पुष्कळ बोलतो. शेतकऱ्याच्या घरातील थंडीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो घरगुती विषय आहे, शेतीचा नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत बरोबर नाही असे माझे स्पष्ट मत आहे. घरात जे जळते ते बहुतांशी शेतातून आणि गोठ्यातूनच आलेले असते. म्हणून घराची ऊब राखणे हे खताचा खड्डा भरण्याइतकेच शेतीचे काम आहे.

शेणाचा हिशेब

एखाद्या घरी पाणी तापविण्यासाठी व शेकण्यासाठी रोज चार किलो गोवऱ्या लागतात असे धरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ४८० किलो गोवऱ्या जळतील. एक किलो वाळलेल्या गोवरीस चार ते पाच किलो ओले शेण लागते. म्हणजे दोन टनांहून अधिक ओले शेण चुलीत गेले. हेच शेण काडीकचरा मिसळून नीट कुजविले तर साधारण एक टन खत झाले असते. कोरडवाहू कापसाला हेक्टरी सुमारे पाच टन शेणखताची शिफारस केली जाते. तेव्हा एका हिवाळ्यात एका घराने अर्ध्या एकराचे खत जाळले असा याचा अर्थ होतो.

यावर कोणी म्हणेल की, त्यातील नत्राची भरपाई थोड्याशा युरियाने होईल. नत्रापुरते ते खरेही आहे. ४८० किलो गोवऱ्यांतील नत्र सुमारे सहा किलोच भरेल आणि तेवढे नत्र १३ किलो युरियात मिळते. परंतु युरियाने जमीन भुसभुशीत होत नाही, पावसाचे पाणी मुरत नाही, ओल टिकत नाही. आपल्या उथळ, मुरमाड जमिनींत पावसाचा खंड पडला म्हणजे पीक तगते ते सेंद्रिय अंशाच्या बळावर, आणि चुलीत नेमका तोच नाहीसा होतो. राखेत स्फुरद व पालाश उरतात. बाकी सारे धुराबरोबर जाते.

यात शेतकऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. डॉ. व्होएल्कर नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने भारतीय शेतीवरील आपला अहवाल १८९३ साली प्रसिद्ध केला. शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानामुळे नव्हे, तर दुसरे सरपण मिळत नाही म्हणून, असे त्याने त्यात मांडले आणि सरपण व चारा यांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करावीत असे सुचविले. आज २०१६ च्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅसची शेगडी आली आहे. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च पाहता आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते. रानातील सरपणाची किंमतही केवळ श्रमाची नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तो काळ या भागातील लोक विसरलेले नाहीत. भल्या पहाटे मोळीसाठी रानात जाणाऱ्या बाईच्या जिवाचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

घर ऊब कोठे गमावते?

साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी शंभरात दहा-बारा भागच भांड्याला लागतात. उघड्या शेकोटीत तर बहुतेक सारी उष्णता आकाशात जाते. तेव्हा नवी उष्णता निर्माण करण्यापेक्षा दिवसा उन्हाने दिलेली व माणसांच्या अंगची उष्णता घरातच राखणे अधिक स्वस्त पडते. त्यासाठी ती कोणत्या वाटेने जाते हे पाहिले पाहिजे.

पहिली वाट छपराची. टिनपत्रा पातळ असतो. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतील बाजूस दव धरते ते यामुळेच. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे किंवा शिवलेले गोणपाट ताणून बांधले, तर मधली कोंडलेली हवा पांघरुणाचे काम करते. हेच छत उन्हाळ्यात ताप अडविते. चुलीच्या वर व आसपास मात्र असे छत बांधू नये; आगीचा धोका असतो. कवेलूच्या घरात दिवाळीनंतर एकदा फुटकी कवेले बदलून सरकलेली बसवून घ्यावीत.

दुसरी वाट भिंतीची. पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड वाळून त्यात फटी पडतात. काळ्या मातीचा गिलावा वाळताना तडकतो. त्याऐवजी गावठाणातील पांढरी माती घ्यावी, तीत गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार मिसळावे, रात्रभर भिजू द्यावे आणि तुडवून दोन हात द्यावेत. उत्तरेकडील भिंत प्रथम घ्यावी. वारा तिकडूनच येतो. कूड व छपर यांच्यामधील मोकळी जागा आणि दाराखालील फट गोणपाटाने बुजवावी. दक्षिणेकडील खिडकी दिवसा सताड उघडी ठेवावी व सूर्य मावळताच लावून घ्यावी.

तिसरी वाट जमिनीची व अंथरुणाची. सारवलेल्या गार जमिनीवर केवळ सतरंजी टाकून निजणाऱ्याच्या अंगची ऊब खालून ओढली जाते. खाली कुटार भरलेले पोते किंवा चटई असावी. येथे एक गोष्ट खेदाने नमूद करावीशी वाटते. ज्या जिल्ह्याने कापसावर नाव मिळविले, त्या जिल्ह्यातील कितीतरी कापूस उत्पादकांच्या घरी रुईने भरलेली दुलई नाही. तीन किलो रुईस साधारण नऊ किलो कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाच्या ८,११० रुपये क्विंटल या हमीभावाने त्याची किंमत सुमारे ७३० रुपये होते. कापड व पिंजाई धरूनही ही दुलई अनेक हिवाळे पुरते. विक्रीस गाडी भरण्यापूर्वी पहिल्या वेचणीतील थोडा स्वच्छ कापूस घरच्या लेकरांसाठी बाजूला काढावा, असे मी आग्रहाने सुचवितो.

पाणी, अन्न आणि गॅस

काळा रंग दिलेली टाकी किंवा पिंप सकाळी उन्हात झाकून ठेवले तर दुपारपर्यंत पाणी कोमट होते. लहान मुले व वृद्ध यांनी पहाटेचा हट्ट सोडून दुपारी स्नान केले तर जळण वाचते आणि प्रकृतीही सांभाळते. तुरीची डाळ तासभर भिजवून, झाकण ठेवून शिजवावी. आधण येऊन थोडी शिजली की भांडे उतरवून कुटार भरलेल्या टोपल्यात चोहोबाजूंनी दाबून ठेवावे. उरलेले शिजणे आपल्याच उष्णतेवर होते.

चार-पाच जनावरे असलेल्याने गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. त्यात जळणही मिळते आणि खतही राहते. थंडीत गॅस कमी येतो अशी तक्रार असते व ती खरी आहे, कारण शेण कुजविणारे जंतू गारठ्याने मंदावतात. उन्हात तापलेले पाणी शेणात कालविले व संयंत्राभोवती कुटाराचा थर दिला तर घट पुष्कळ कमी होते.

पऱ्हाटी जळण म्हणून साठविताना आणखी एक सावधगिरी हवी. तिच्यावरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात शेतात परतते. २०१७ साली या अळीने विदर्भात केलेला नाश सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून अशी बोंडे तोडून नष्ट केल्याशिवाय पऱ्हाटी घराजवळ रचू नये आणि रचलेली पऱ्हाटी पावसाळ्यापूर्वी संपवावी.

एक इशारा

फटी बुजविणे म्हणजे धूर कोंडणे नव्हे. चुलीवरील धुराडे कधीही बंद करू नये. जळती शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले घेऊन बंद खोलीत निजणे प्राणघातक आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस जातो. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवण्याची चाल असलेल्या घरी हे विशेष समजावून सांगितले पाहिजे. नवजात बालकास सर्वांत सुरक्षित ऊब आईच्या अंगाची असते. त्यास उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे, डोके टोपडे घालून झाकावे व दोघांवर पांघरूण घालावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, रब्बीच्या बियाण्याची चौकशी करावयास घरी गेल्यावर त्यांनी छपराकडे व उत्तरेच्या भिंतीकडेही एकवार पाहावे. गोवऱ्या कोणी थापल्या, पाणी कोणी तापविले, रानात कोण गेले, हे घरातील भगिनींना विचारावे. जळणाचा खरा हिशेब त्यांच्यापाशीच असतो. प्रत्येक गावात या पंधरवड्यात एका घराचे छत व एक भिंत शेजाऱ्यांच्या मदतीने नीट करून दाखविली, तर लांब व्याख्यानाची गरज उरणार नाही. माती गावची, कुटार घरचे, गोणपाट जुने. खर्च आहे तो दोन दिवसांच्या मेहनतीचा. त्यातून वाचलेले शेण उन्हाळ्यात खताच्या खड्ड्यातून शेतात जाईल आणि मृगाच्या पावसानंतर त्याचा लाभ दिसू लागेल.